मिलानची लोकसंख्या नक्की किती, आणि तिथे राहतं कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिलान आणि पुणे यांची तुलना करणारा अहवाल लिहायचा आहे, पण मिलानची लोकसंख्या एका ठिकाणी १३-१४ लाख दिसते, दुसरीकडे ३२ लाख, तिसरीकडे ५० लाख, आणि कुठे कुठे तर ७०-८० लाख. यातला खरा आकडा कोणता? तिथे परदेशी लोक किती आणि कुठले? आणि त्यांत भारतीय, विशेषतः मराठी, किती?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. हे सगळे आकडे आपापल्या हद्दीपुरते बरोबर आहेत. घोळ होतो तो एका हद्दीचा आकडा दुसऱ्या हद्दीच्या नावाखाली छापल्यामुळे. त्यामुळे ‘किती’ विचारण्याआधी ‘कुठपर्यंत’ हे ठरवावं लागतं. त्यानंतर ‘कोणाला मोजलं’ हे बघावं लागतं, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. हद्दीची चूक निदान नकाशा उघडला की कळते. मोजणीची व्याख्या मात्र तक्त्याखालच्या बारीक टिपेत असते आणि ती कोणी वाचत नाही.

आधी हद्दी. सगळ्यांत आतली हद्द म्हणजे मिलानचं कोमूने, आपल्या भाषेत महापालिका क्षेत्र. क्षेत्रफळ सुमारे १८२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या गेल्या काही वर्षांत १३.५ ते १४ लाखांच्या दरम्यान. ही हद्द १९२३ मध्ये आफोरी, बाज्जो, लांब्राते, निग्वार्दा, त्रेन्नो अशी शेजारची ११ कोमूने शहरात विलीन झाली तेव्हा जवळपास आजच्या आकाराला आली आणि तेव्हापासून फारशी हललेली नाही. शहर मात्र कधीच तिच्या बाहेर सांडलं आहे. उत्तरेकडे फुल्व्हिओ तेस्ती या रस्त्याने मोंझाकडे निघालात तर मिलान संपून सेस्तो सान जोव्हान्नी आणि चिनिझेल्लो बाल्सामो कधी लागलं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. इमारतींची रांग कुठेच तुटत नाही आणि मेट्रोसुद्धा कोमूनेची वेस ओलांडून सेस्तो, रो, कोलोन्यो, जेस्साते, आस्सागोपर्यंत जाते.

मिलानची तुलना रोमशी करताना हीच गोष्ट आडवी येते. रोमच्या कोमूनेचं क्षेत्रफळ १,२८५ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलानच्या सातपट. साहजिकच रोमची लोकसंख्या साडेसत्तावीस लाखांच्या घरात आणि मिलानची त्याच्या निम्मी दिसते. पण रोमच्या हद्दीत मैलोन्‌मैल शेतं आणि माळ आहेत. मिलानची हद्द ऐन वस्तीच्या मधून गेली आहे. रोज कामाला ये-जा करणाऱ्यांचा टापू धरला तर मिलान रोमच्या पुढे जातं. तेव्हा ‘रोम मिलानच्या दुप्पट’ हे वाक्य अहवालात टाकू नका.

दुसरी हद्द चित्ता मेत्रोपोलितानाची, म्हणजे महानगर शहराची. २०१४ च्या ५६ क्रमांकाच्या कायद्याने (त्याला देल्रिओ कायदा म्हणतात) मोठ्या शहरांभोवतीचे जुने प्रांत मोडून ही नवी संस्था आणली आणि मिलानमध्ये ती १ जानेवारी २०१५ पासून सुरू झाली. क्षेत्रफळ १,५७५ चौरस किलोमीटर, कोमूने १३३, लोकसंख्या ३२ लाखांच्या थोडी वर. मिलानचा महापौर आपोआप या संस्थेचाही प्रमुख असतो. तुम्हाला दिसलेला ३२ लाखांचा आकडा हाच.

या हद्दीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ती नावाने ‘महानगर’ असली तरी शहराच्या खऱ्या पसाऱ्यावर बेतलेली नाही. ती जुन्या प्रांताचीच हद्द आहे, आणि त्या प्रांताचे आधीच दोन तुकडे पडले होते. दक्षिणेकडचा लोदी प्रांत १९९२ मध्ये कायद्याने वेगळा झाला आणि १९९५ पासून त्याचा कारभार स्वतंत्र झाला. उत्तरेकडचा मोंझा आणि ब्रियांझा प्रांत २००४ च्या कायद्याने मंजूर होऊन २००९ मध्ये प्रत्यक्षात आला. परिणाम असा की मोंझा, जे मिलानच्या मध्यभागी असलेल्या दुओमो या कॅथेड्रलपासून पंधराएक किलोमीटरवर आहे आणि बांधकामाने त्याला पूर्ण जोडलेलं आहे, ते या ‘महानगरा’च्या बाहेर. आणि नैर्ऋत्येला आब्बियातेग्रास्सोच्या बाजूची भातखाचरं मात्र आत. दक्षिण मिलानचं कृषी उद्यान १९९० मध्ये जाहीर झालं. ते सुमारे ४७,००० हेक्टरचं आहे, म्हणजे महानगर शहराच्या तीस टक्क्यांच्या आसपास जमीन. म्हणून १५७५ ने भागून येणारी दर चौरस किलोमीटरला दोन हजारांची घनता कागदावर बरोबर असली तरी तशी घनता प्रत्यक्षात कुठेच नाही. उत्तरेत ती त्याच्या कितीतरी पट आहे आणि दक्षिणेत अगदी विरळ. खुद्द मिलान कोमूनेत ती साडेसात हजारांच्या आसपास.

प्रांताचे हे तुकडे कालानुक्रमे आकडे मांडणाऱ्याला हमखास फसवतात. २००८ आणि २०१० या दोन वर्षांचे ‘मिलान प्रांत’ असे आकडे शेजारी ठेवले तर आठ लाखांहून जास्त माणसं नाहीशी झालेली दिसतात. कोणी कुठे गेलेलं नाही. मोंझा-ब्रियांझाचा रकाना वेगळा झाला. त्यातही आधी ५० कोमूने गेली, मग २००९ च्या अखेरीस बुझ्नागो, कापोनागो, कोर्नाते द’आद्दा, लेन्ताते सुल सेव्हेझो आणि रोन्चेल्लो ही आणखी पाच गेली. जुनी मालिका बनवायची असेल तर प्रांताच्या बेरजा उचलू नका. आजच्या हद्दीतल्या कोमूनेंची यादी घ्या आणि प्रत्येक वर्षी तेवढ्यांचीच बेरीज करा. यादी करताना एक लक्षात ठेवा: २०१९ पूर्वी ही कोमूने १३४ होती. व्हेर्मेत्सो आणि झेलो सुर्रिगोने एकत्र होऊन त्यांचं व्हेर्मेत्सो कॉन झेलो झालं. जुन्या वर्षांत दोन ओळी आणि नव्या वर्षांत एक, असं दिसलं तर विदा (डेटा) खराब नाही.

तिसरी पातळी युरोस्टॅटच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या, ‘महानगर प्रदेशा’ची. त्यात मिलान, मोंझा-ब्रियांझा आणि लोदी हे तिन्ही धरले जातात, म्हणजे जुना अखंड प्रांतच परत जोडलेला. बेरीज ४३ लाखांच्या आसपास. युरोपातल्या दुसऱ्या महानगरांशी सकल उत्पादन किंवा रोजगार यांची तुलना करायची असेल तर हीच पातळी सोयीची, कारण आर्थिक आकडे प्रांताच्या खालच्या पातळीवर सहसा मिळत नाहीत.

चौथी पातळी म्हणजे युरोपीय संघ आणि ओईसीडी (विकसित देशांची आर्थिक संघटना) वापरतात ते ‘कार्यात्मक नागरी क्षेत्र’. ५० लाखांचा आकडा इथला. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. आधी जमिनीवर एक किलोमीटरचे चौकोन आखतात. ज्या चौकोनांत १,५०० किंवा त्याहून जास्त लोक राहतात असे एकमेकांना लागून असलेले चौकोन जोडतात, आणि त्यांची एकूण वस्ती किमान ५०,००० भरली तर ते नागरी केंद्र. ज्या कोमूनेची निम्मी लोकसंख्या या केंद्रात येते ती ‘शहरा’त धरली जाते. मग आजूबाजूच्या ज्या कोमूनेतले किमान १५ टक्के नोकरदार रोज त्या शहरात कामाला येतात, ती कोमूनेही जोडतात. म्हणजे इथे प्रशासकीय रेषा बाजूला ठेवून माणसांच्या ये-जेवर हद्द ठरते. मोंझा-ब्रियांझाचा जवळजवळ सगळा भाग त्यात येतोच, शिवाय शेजारच्या प्रांतांतलीही गावं येतात. माझं मत विचाराल तर ‘मिलान नावाचं महानगर किती मोठं’ या प्रश्नाचं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर हेच आहे.

७०-८० लाखांचे आकडे बेर्गामो, व्हारेसे, कोमो, लेक्को, पाव्हिया, कधी कधी नोव्हारा इथपर्यंतचा सगळा पट्टा धरून येतात. प्रत्येक लेखक वेगळी हद्द धरतो. वर्णनापुरते ते ठीक. तक्त्यात घेऊ नका.

आता पुण्याशी तुलना, कारण इथे एक मोह आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे ५० लाख होती आणि पुणे महापालिकेची ३१ लाखांच्या वर. मिलानच्या ५० आणि ३२ लाखांशी हे आकडे इतके जुळतात की शेजारी मांडायचा हात आवरत नाही. आवरा. आपला नागरी समूह अखंड वस्तीवर ठरतो, लोक कुठून कुठे कामाला जातात यावर नाही. मिलानचा ५० लाखांचा आकडा ये-जेवर उभा आहे. महापालिकेच्या बाबतीतही तेच: मिलानचे ३२ लाख १३३ स्वतंत्र नगरपालिकांचे आहेत आणि पुण्याचे ३१ लाख एका महापालिकेचे, तेही मोजणीच्या वेळच्या हद्दीतले. २०२१ मध्ये २३ गावं आल्यावर पुणे महापालिकेचं क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. शिवाय एका बाजूचा आकडा २०११ चा आणि दुसऱ्या बाजूचा दहा-बारा वर्षं पुढचा. तुलना करायचीच असेल तर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची २०११ ची बेरीज आणि मिलान कोमूने अधिक त्याला चिकटून असलेल्या कोमूनेंची २०११ ची बेरीज, अशी करा आणि क्षेत्रफळ शेजारी लिहा. ती निदान समान पायावर असेल.

आता मोजणीकडे वळू. इटलीत लोकसंख्येचा पाया म्हणजे आनाग्राफे, प्रत्येक कोमूनेचं रहिवासी नोंदणी रजिस्टर. जिथे तुम्ही नेहमी राहता तिथे नोंद करायची, पत्ता बदलला की २० दिवसांत कळवायचं. अर्ज केल्यावर नोंद दोन कामकाजाच्या दिवसांत चढते, पण नंतर ४५ दिवसांच्या आत नगर पोलीस प्रत्यक्ष येऊन पाहू शकतात की दारावर नाव आहे का, माणूस खरोखर राहतो का. नोंद चढवणं तसं सोपं आहे. काढणं अवघड. कोणी न सांगता देश सोडून गेला तर त्याचं नाव काढण्यासाठी वारंवार तपास करावा लागतो आणि त्यात वर्ष जातं. त्यामुळे महापालिकेच्या रजिस्टरमध्ये गेलेली माणसं काही काळ राहतात आणि तिचा आकडा राष्ट्रीय सांख्यिकी संस्था इस्टॅटच्या आकड्यापेक्षा सहसा मोठा असतो. मिलानसाठी १३.७ लाख आणि १४ लाख असे दोन आकडे एकाच वर्षी दिसतात त्याचं कारण हेच. दोन्ही सरकारी, दोन्ही खरे. एका तक्त्यात मात्र एकच वापरा.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण २०११ च्या जनगणनेचं आहे. तेव्हा मिलानमध्ये १२,४२,१२३ माणसं सापडली. रजिस्टरमध्ये त्याहून सुमारे एक लाख जास्त होती. मग रजिस्टर आणि जनगणना यांचा मेळ घालायचं काम चाललं, आणि जनगणनेत सुटलेले पण खरोखर राहणारे लोक परत मोजणीत घेतले गेले. इस्टॅटच्या मालिकेत २०१२ च्या अखेरीला १२.६ लाख आणि २०१३ च्या अखेरीला १३.२ लाख दिसतात. एका वर्षात साठ हजारांची वाढ! ती बहुतांशी कागदावरची दुरुस्ती आहे. ‘२०१३ मध्ये मिलानकडे लोंढा आला’ असं लिहिलेले लेख सापडतात. त्यांचा आधार हा एकच आकडा असतो. दर दहा वर्षांची जनगणना इटलीने २०११ नंतर बंद केली. २०१८ पासून दरवर्षी नमुना पाहणी आणि सरकारी नोंदी जोडून ‘कायमस्वरूपी जनगणना’ होते. त्यामुळे २०१८ च्या सांध्यावरही मालिकेत लहानशी उडी असते.

कोण मोजलं जात नाही हेही पाहा. दक्षिण इटलीतून मिलानला शिकायला आलेला विद्यार्थी बहुतेकदा आपली नोंद आईवडिलांच्या गावीच ठेवतो, त्यामुळे तो बारीत किंवा पालेर्मोत मोजला जातो. अनधिकृत भाडेकरार असलेल्याला घरमालक नोंद करू देत नाही. ज्यांच्याकडे राहण्याचा परवाना नाही ते कोणत्याच रजिस्टरमध्ये नाहीत. २०२२ नंतर तात्पुरत्या संरक्षणावर आलेले अनेक युक्रेनी परवानाधारक आहेत, पण सगळ्यांनी रहिवासी नोंद केलेली नाही. आणि रोज बाहेरून येणारे लाखो नोकरदार दिवसा शहरात असतात पण रात्रीच्या मोजणीत नसतात. पाणी, कचरा, वाहतूक यांपैकी कशावर लिहिताय त्यावर ठरेल की तुम्हाला रहिवासी हवेत की दिवसाची वस्ती. तुमच्या अहवालाचा विषय तुम्ही सांगितलेला नाही, म्हणून हा निर्णय तुमच्यावर सोडतो.

शहराचा चढउतारही या संदर्भात वाचावा. मिलान कोमूनेने १९७१ मध्ये १७.३ लाखांचा उच्चांक गाठला. १९५० आणि ६० च्या दशकांत आधी शेजारच्या व्हेनेतोच्या आणि मिलान ज्यात येतं त्या लोम्बार्दिया प्रदेशाच्या खेड्यांतून, मग पुलिया, कालाब्रिया, सिसिली, काम्पानियातून माणसं आली. पिरेल्ली, फाल्क, ब्रेदा, आल्फा रोमेओ यांच्या कारखान्यांना हात हवे होते. ग्रातोझोल्यो, क्वार्तो ओज्जारो, कोमाझिना या वसाहती त्या काळातल्या. मग घरं महाग झाली, कारखाने बंद पडत गेले, कुटुंबं भोवतालच्या कोमूनेंत सरकली आणि २००१ पर्यंत शहर १२.६ लाखांवर आलं. म्हणजे तीस वर्षांत पावणेपाच लाखांची घट. प्रांताच्या पातळीवर मात्र एवढी घसरण नव्हती. माणसं रेषेपलीकडे गेली होती. ही ओढ आजही चालू आहे. विशी-तिशीतले इटलीभरातून आणि परदेशातून शहरात येतात, आणि मूल झालं, मोठं घर हवं झालं की परवडत नाही म्हणून बाहेर पडतात. म्हणून मिलानमध्ये निम्म्याहून जास्त ‘कुटुंबं’ एकाच माणसाची आहेत. पण ती कुटुंबं रजिस्टरमधली आहेत. एकाच घरात राहणारे दोघे स्वतंत्र नोंद ठेवू शकतात, त्यामुळे प्रत्यक्ष एकटे राहणारे त्याहून कमी. या आकड्यावरून शहराच्या एकाकीपणाबद्दल निष्कर्ष काढायची घाई करू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न: लोक कुठले? इटलीच्या जनगणनेत वंश, धर्म किंवा मातृभाषा विचारत नाहीत. ‘मिलानमध्ये मुस्लिम इतके टक्के’, ‘अरबी बोलणारे इतके’ असं काही वाचलंत तर तो मूळ देशावरून बांधलेला अंदाज असतो. पक्की मिळते ती फक्त नागरिकत्वाची आणि जन्मदेशाची माहिती. नागरिकत्वाच्या हिशोबाने मिलान कोमूनेत सुमारे पाचातला एक रहिवासी परदेशी आहे, महानगर शहरात पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि देशभरात नऊ टक्के. शहरात सगळ्यांत मोठे गट इजिप्त, फिलिपिन्स आणि चीन यांचे. त्यामागे पेरू, श्रीलंका, रोमानिया, बांगलादेश, एक्वादोर, युक्रेन. शहराबाहेरच्या कोमूनेंत क्रम बदलतो, तिथे रोमानियाचे लोक बरेच वर येतात.

प्रत्येक गटाची घडण वेगळी आहे आणि ती कामावरून कळते. इजिप्तमधून आधी पुरुष आले, बांधकामात आणि पिझ्झाच्या दुकानांत. कुटुंबं मागाहून आली. फिलिपिन्समधून उलट, आधी स्त्रिया आल्या, घरकामासाठी. युक्रेन आणि पेरूच्या गटांतही म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया जास्त. बांगलादेशच्या गटात पुरुषांचं प्रमाण जास्त. म्हणून परदेशी लोकांचं एकत्रित स्त्री-पुरुष प्रमाण सांगून काही हाती लागत नाही. ते बरोबरीचं दिसतं, कारण दोन टोकं एकमेकांना झाकतात.

वस्त्यांबद्दल एक गैरसमज दूर करतो. पाओलो सार्पी रस्ता ‘चायनाटाउन’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे १९२० च्या दशकापासून चेच्यांग प्रांतातले लोक आहेत, पाट्या चिनी, घाऊक दुकानं चिनी. पण त्या इमारतींत राहणारे बहुसंख्य इटालियन आहेत; चिनी कुटुंबं शहरभर पसरली आहेत. दुकानाच्या पाटीवरून रहिवासी ठरवू नका. व्हिया पादोव्हा किंवा सान सिरोच्या सार्वजनिक घरांच्या भागात परदेशी लोकांचं प्रमाण खरंच जास्त आहे, पण तिथेही अनेक देशांचे लोक मिसळून राहतात. टक्केवारीने सगळ्यांत वर असलेली ठिकाणं तर शहराबाहेर आहेत: बारान्झाते हे लहानसं कोमूने, जिथे तिघांत एक रहिवासी परदेशी आहे, आणि पिओल्तेल्लो, जिथे चौघांत एक.

आता मोजमापातली सगळ्यांत मोठी त्रुटी. परदेशी म्हणजे इटालियन पासपोर्ट नसलेला. १९९२ च्या ९१ क्रमांकाच्या कायद्यानुसार युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला दहा वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येतं. ही मुदत पाच वर्षांवर आणण्यासाठी जून २०२५ मध्ये सार्वमत झालं, पण पुरेसं मतदान न झाल्याने ते बाद ठरलं. इटलीत जन्मलेलं, सलग तिथेच वाढलेलं परदेशी पालकांचं मूल अठराव्या वर्षापर्यंत आकडेवारीत परदेशीच राहतं आणि मग अर्जासाठी त्याला एका वर्षाची मुदत मिळते. याउलट, एखाद्या पेरूच्या बाईला नागरिकत्व मिळालं की तिच्याबरोबर राहणारी लहान मुलंही सहसा इटालियन होतात आणि पेरूच्या रकान्यातून एकदम तीन माणसं कमी होतात, घर तेच, शाळा तीच. म्हणून एखाद्या देशाचा आकडा घटला तर ते लोक परत गेले असं समजू नका. आधी त्या वर्षी किती जणांना नागरिकत्व मिळालं ते पाहा. दुसऱ्या बाजूला, इटालियन पूर्वजांच्या जोरावर पासपोर्ट घेऊन आलेले अर्जेंटिना आणि ब्राझीलचे लोक पहिल्या दिवसापासून इटालियन म्हणून मोजले जातात. २०२५ मध्ये हा मार्ग बराच अरुंद करण्यात आला, पण आधी आलेले तसेच राहतील. शक्य असेल तिथे नागरिकत्वाबरोबर जन्मदेशाचा तक्ताही द्या. दोन्हींमधला फरकच बरंच काही सांगतो. तसंच जुन्या मालिकेत २००३-०४ ला परदेशी लोक अचानक वाढलेले दिसले तर लक्षात घ्या की २००२ मध्ये सरकारने परवाना नसलेल्यांना नियमित केलं होतं. देशभरात साडेसहा लाखांच्या आसपास. ते आधीपासून तिथेच होते, फक्त कागदावर तेव्हा आले.

प्रत्यक्ष विदा उतरवताना काय करायचं? इस्टॅटच्या ‘डेमो’ या संकेतस्थळावर ‘पोसास’ नावाची फाइल वय, लिंग आणि वैवाहिक स्थितीनुसार सगळ्या रहिवाशांची, आणि ‘स्त्रासा’ परदेशी रहिवाशांची. ‘पोसास’मध्ये वयाच्या रकान्यात शेवटी ९९९ असतो. ते वय नाही, ती त्या कोमूनेची एकूण बेरीज आहे; ती न गाळता रकाना बेरजेला लावलात तर लोकसंख्या बरोबर दुप्पट येते. १०० म्हणजे शंभर आणि त्याहून जास्त. कोमूनेचे संकेतांक शून्याने सुरू होतात, मिलानचा ०१५१४६. एक्सेलमध्ये फाइल थेट उघडली की पुढचं शून्य गळतं आणि नकाशाच्या फाइलशी जोडणी होत नाही. म्हणून आयात करताना तो रकाना ‘मजकूर’ ठेवा आणि विभाजक म्हणून अर्धविराम निवडा. संकेतांकातले पहिले तीन अंक ०१५ असलेल्या ओळी निवडून घेतल्या की महानगर शहर मिळतं, १०८ म्हणजे मोंझा-ब्रियांझा, ०९८ लोदी. काही तक्त्यांत महानगर शहराला २१५ असा वेगळा अंक दिसेल, तो बरोबर आहे, घाबरू नका. ओळी १३३ भरतात का ते एकदा मोजा. १ जानेवारी २०२४ आणि ३१ डिसेंबर २०२३ हे एकच आकडे आहेत, दोन वर्षं नव्हेत. आणि इटालियन छापील तक्त्यांत हजारांनंतर टिंब असतं, १.३७० म्हणजे एक हजार तीनशे सत्तर.

तक्त्याच्या खाली एक ओळ लिहा: हद्द कोणती, तारीख कोणती, इस्टॅट की महापालिका रजिस्टर, आकडा तात्पुरता की अंतिम. इस्टॅट आधी अंदाज देते आणि काही महिन्यांनी सुधारते, त्यामुळे शेवटचा मुद्दाही हवाच.

राहिला भारतीयांचा प्रश्न. लोम्बार्दियात भारतीय पुष्कळ आहेत, पण मिलान शहर हे त्यांचं मुख्य ठिकाण नाही. बहुसंख्य पंजाबी आहेत आणि ब्रेशा, बेर्गामो, क्रेमोना, मान्तोव्हा या प्रांतांत दुग्धव्यवसायात आणि कारखान्यांत काम करतात; क्रेमोना प्रांतातल्या पेस्सिना क्रेमोनेझेमध्ये मोठा गुरुद्वाराही आहे. मिलानमध्ये भारतीय विद्यार्थी, अभियंते आणि माहिती तंत्रज्ञानातले लोक जास्त दिसतात. त्यांतले मराठी किती हे कोणत्याही सरकारी तक्त्यातून काढता येणार नाही, कारण भाषा आणि राज्य दोन्ही विचारलं जात नाही. भारतीयांचा आकडाही दोन बाजूंनी गळतो: भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्याने इटालियन पासपोर्ट घेतलेला माणूस भारतीय रकान्यातून कायमचा जातो, आणि दोन वर्षांसाठी आलेले बरेच विद्यार्थी रहिवासी नोंद करतच नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांसाठी आनाग्राफे वापरू नका. इटलीच्या विद्यापीठ मंत्रालयाच्या खुल्या आकडेवारीत विद्यापीठ आणि नागरिकत्व यांनुसार प्रवेश दिलेले असतात, तिथून पोलितेक्निको दि मिलानो या तंत्र विद्यापीठाची भारतीय ओळ घ्या; नोकरदारांसाठी इस्टॅटचा राहण्याच्या परवान्यांचा तक्ता घ्या, ज्यात शिक्षण, काम, कुटुंब अशी कारणं प्रांतवार वेगळी दिलेली असतात. विद्यार्थी या दोन्ही तक्त्यांत येतात, त्यामुळे परवान्यांमधून शिक्षणाचं कारण वगळून मगच ते शेजारी ठेवा.